स्मरणिकेची छपाई-फाइल: फोंडा तालुक्यातल्या एका वाचनालयाचे प्रकरण

(गाव, संस्था, छापखाना आणि माणसे यांची नावे मुद्दाम दिलेली नाहीत.)

पार्श्वभूमी

फोंडा तालुक्यातले एक गाव. देऊळ, तळी, बाहेरून आलेल्यांना उतरायची अग्रशाळा, आणि देवळासमोर दोन खोल्यांचे वाचनालय. वाचनालयाला पन्नास वर्षे झाली म्हणून स्मरणिका काढायचे ठरले. गावचे नाट्यमंडळ आणि वाचनालय यांची माणसे तीच, त्यामुळे लेख जितके पुस्तकांवर तितकेच नाटकांवर. संपादनाची जबाबदारी एका निवृत्त मराठी शिक्षिकेकडे. सगळे गाव त्यांना बाई म्हणते, मीही त्यांच्याच हाताखाली व्याकरण शिकलो. मी पणजीत एका कार्यालयात सर्व्हर सांभाळतो. "कॉम्प्युटरचे तुला कळते" एवढ्या भांडवलावर मला या कामात ओढले गेले.

छापखान्याने दिलेले माप असे: ए5 आकार, आत 112 पृष्ठे एकरंगी काळ्या शाईत, म्हणजे 16 पृष्ठांचे 7 फर्मे (एकत्र छापून घडी घातलेले गट), आणि मध्ये 8 रंगीत पृष्ठे. कागद 80 जीएसएम मॅपलिथो, रंगीत पानांना आर्ट पेपर, परफेक्ट बाइंडिंग (पाने कण्याला चिकटवलेली), 500 प्रती. प्रकाशन चवथीच्या, म्हणजे गणेशचतुर्थीच्या, आदल्या रविवारी. हा शेवटचा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा होता. गोव्यात चवथीच्या आठवड्यात छापखाना चालू राहील अशी आशा कोणी धरत नाही. कामगार आपापल्या घरी गणपतीवर फळा-पानांची माटोळी बांधत असतात. रविवार हुकला असता तर स्मरणिका थेट पुढच्या महिन्यात गेली असती.

अडचण

मजकूर चार वाटांनी आला होता. काही लेख वर्डमध्ये, काही थेट व्हॉट्सअ‍ॅपच्या संदेशात, काही हस्तलिखिताचे फोटो, आणि नऊ लेख एका जुन्या स्मरणिकेसाठी श्रीलिपीत, म्हणजे युनिकोडशी न जुळणाऱ्या जुन्या टंकपद्धतीत, टाइप केलेले. श्रीलिपीची जुनी फाइल युनिकोड फॉन्टमध्ये उघडली की जी अगम्य गिचमीड दिसते ती ज्याने पाहिली आहे त्याला सांगायला नको.

एका उत्साही स्वयंसेवकाने हे सगळे एका वर्ड फाइलमध्ये चिकटवले, पीडीएफ केले, ते ईमेलला जड झाले म्हणून एका संकेतस्थळावर आकसवून घेतले आणि छापखान्याला पाठवले. प्रकाशनाला सोळा दिवस असताना फाइल परत आली. सोबत चार ओळी: पान ए4 आहे, दोन फॉन्ट फाइलमध्ये बसवलेले नाहीत, फोटो 72 डीपीआयवर (इंचाला 72 ठिपके) आलेत, काळा मजकूर चार रंगांत फुटतो.

चौथी ओळ समितीतल्या कोणालाच कळली नाही, म्हणून तिच्याविषयी थोडे सविस्तर. वर्डमधला काळा रंग पडद्याच्या भाषेत लिहिलेला असतो, म्हणजे लाल, हिरवा, निळा तिन्ही शून्य. छपाईच्या चार शायांत त्याचे भाषांतर होताना तो नुसता काळा राहत नाही. निळसर, किरमिजी, पिवळा आणि काळा अशा चारी शायांच्या वेगवेगळ्या छपाई-प्लेटवर थोडा थोडा सांडतो. मोठ्या फोटोत हे चालते. दहा पॉइंटच्या अक्षरात प्लेट केसभर जरी सरकली तरी प्रत्येक काना-मात्रेला रंगीत सावली पडते. शिवाय एकरंगी फर्म्याला एकच प्लेट लागायला हवी, तिथे चार निघतात.

छापखान्याला कामासाठी सहा दिवस हवे होते. आमच्या हातात उरले दहा.

समोरचे पर्याय

पहिला पर्याय छापखान्याचाच होता: सगळे त्यांच्याकडे द्या, ते नव्याने लावून देतील. दर पानाला वेगळा, आणि त्यांचा एकुलता एक ऑपरेटर चवथीच्या जाहिरातींत बुडालेला. श्रीलिपीचा प्रश्न मात्र त्यांच्याकडे चुटकीसरशी सुटला असता, हे तेव्हा आम्ही पुरेसे तोलले नाही.

दुसरा पर्याय म्हणजे कोणीतरी स्क्रायबससारख्या मुक्त सॉफ्टवेअरमध्ये पान पान हाताने लावायचे. दिसायला हेच सर्वांत सुंदर झाले असते. पण बाईंचा स्वभाव मला ठाऊक होता. छापायला जायच्या आदल्या रात्रीपर्यंत त्या दुरुस्त्या देणार, आणि विसाव्या पानावर एक परिच्छेद वाढला की पुढची नव्वद पाने पुन्हा सरकवत बसावे लागणार.

तिसरा पर्याय माझा. सगळा मजकूर साध्या मजकूर-फाइलींत आणायचा आणि टर्मिनलमधून (कमांड लाइनवर), म्हणजे टाइप केलेल्या आज्ञांच्या एका स्क्रिप्टने, छपाईची पीडीएफ बनवायची: पॅनडॉकने रूपांतर, झीलाटेकने अक्षरजुळणी, इमेजमॅजिकने फोटो, शेवटी तयार पीडीएफवर घोस्टस्क्रिप्टचा हात. दुरुस्ती आली की मजकूर बदला, स्क्रिप्ट पुन्हा चालवा, चार मिनिटांत अख्खे पुस्तक नवे. मला हा पर्याय आवडला त्यात माझी हौसही होती, हे कबूल करतो. समितीने मान डोलावली ती बहुतेक फुकट म्हणून.

काय केले

सुरुवातीला आडवाट घेतली. लिबरऑफिसला खिडकी न उघडता कमांड लाइनवरून चालवता येते. तसे करून प्रत्येक लेखाची पीडीएफ केली आणि क्यूपीडीएफने जोडली. दहा मिनिटांचे काम. पण प्रत्येक लेखकाचा फॉन्ट वेगळा, समास वेगळा, आणि सलग पृष्ठांक कुठेच नाहीत. सत्यनारायणाच्या पूजेला जमलेल्या चपलांसारखे दिसत होते. मग सगळे सोडून साध्या मजकुरावर आलो.

इथे कवितांनी पहिला दणका दिला. मार्कडाउनमध्ये, म्हणजे साध्या मजकुरात खुणा घालण्याच्या पद्धतीत, ओळीखाली ओळ लिहिली तरी पॅनडॉक त्या जोडून परिच्छेद करतो. पहिल्या चाचणीत एक अख्खा अभंग गद्यात आला होता. प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला उभी रेघ घातली की ओळी सुट्या राहतात. तेवढे अकरा कवितांना हाताने केले.

दुसरा दणका सूक्ष्म होता. चाचणीची पाने बघताच बाई म्हणाल्या, "हा श आपला नव्हे रे." खरेच, ल आणि श हिंदी वळणाचे आले होते. अनेक देवनागरी फॉन्टांत दोन्ही वळणे असतात, पण मजकूर मराठी आहे हे सांगितल्याशिवाय मराठी वळण बाहेर येत नाही. झीलाटेकमध्ये फॉन्टच्या ओळीत लिपी देवनागरी, भाषा मराठी असे दोन शब्द घातले आणि 112 पानांवरचे ल-श एका फटक्यात घरी आले. हाताने लावणाऱ्यालाही हे जमते, पण एकाच जागी बदलून सगळीकडे होते याचे समाधान वेगळेच.

पानाचे माप छाटणीसकट धरले. ए5 म्हणजे 148 बाय 210 मिमी. चारी बाजूंनी 3 मिमी ब्लीड, म्हणजे छाटणीत जाणारी जादा कड, धरले की 154 बाय 216. पीडीएफ आतून पॉइंटमध्ये मोजते, 72 पॉइंटांचा एक इंच, म्हणजे 3 मिमी साधारण 8.5 पॉइंट. छाटून उरणारी चौकट, जिला ट्रिमबॉक्स म्हणतात, ती तेवढी आत धरून घोस्टस्क्रिप्टच्या छोट्या सूचनेने फाइलमध्ये लिहिली. परफेक्ट बाइंडिंगला पुस्तक सपाट उघडत नाही म्हणून आतला समास 18 मिमी ठेवला.

जाहिरातींवर स्मरणिकेचा खर्च निघतो, म्हणून तिथे जास्त वेळ गेला. एका पानभर जाहिरातीची फाइल 1,131 बाय 1,600 पिक्सेलची होती. ए5 पानाला 300 डीपीआयने 1,748 बाय 2,480 लागतात. ही जेमतेम 194 वर येत होती. फाइल फोटो म्हणून पाठवल्यामुळे व्हॉट्सअ‍ॅपने ती आकसवली होती. जाहिरातदाराला फोन करून तीच 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवायला सांगितले, की पूर्ण आकाराची आली. असे सात फोन झाले. आणखी एक गोष्ट: बहुतेक जाहिराती बरोबर ए5 मापाच्या, ब्लीडशिवाय. चार टक्के मोठ्या केल्या तर ब्लीड भरते, पण कडेला खेटून असलेला दुकानाचा फोन नंबर पात्याखाली जायची भीती. आम्ही त्या लहान करून पांढऱ्या समासात बसवल्या. दिसायला थोड्या जुनाट, पण नंबर शाबूत. फोन नंबर कापलेला जाहिरातदार पुढच्या वेळी दारात उभा करत नाही.

मग काळ्याचा प्रश्न. आतली 112 पृष्ठे घोस्टस्क्रिप्टने करड्या छटांत बदलली. रंग-रूपांतराचा पर्याय 'ग्रे' आणि दर्जाची नेमणूक 'प्रीप्रेस'. ही नेमणूक महत्त्वाची आहे: याच ठिकाणी 'स्क्रीन' लिहिले तर फोटो 72 डीपीआयवर घसरतात, म्हणजे पहिल्या फाइलचे जे झाले होते तेच. रंगीत 8 पानांना घोस्टस्क्रिप्टचा हात लावला नाही. त्यांतले फोटो छापखान्याने दिलेल्या रंग-प्रोफाइलने आधीच चार शायांत आणले आणि ओळी झीलाटेकमध्येच शुद्ध काळ्यात लिहिल्या.

करडे करण्याआधी एक तपासणी केली ती फार उपयोगी ठरली. घोस्टस्क्रिप्टमध्ये 'इंककव्ह' नावाचे एक साधन आहे. ते पानागणिक चार आकडे देते: निळसर, किरमिजी, पिवळी, काळी शाई किती लागेल. ज्या पानावर फक्त काळे हवे तिथे पहिले तीन शून्य दिसायला पाहिजेत. फोटो-जाहिराती असलेल्या पानांवर रंग अपेक्षितच होता. पण दोन पाने अशी निघाली की त्यांवर नुसता मजकूर असूनही रंग. उघडून पाहिले तर लेखकांचे ईमेल पत्ते पॅनडॉकने दुवे समजून निळे केले होते. ते तसेच करडे झाले असते तर निळ्याचा करडा, करड्याचे छपाईत बारीक ठिपके, आणि पत्त्यावर धूळ बसल्यासारखे दिसले असते. मूळ ठिकाणीच दुव्यांचा रंग काढला.

बाकीच्या तपासण्या सरळ होत्या. पीडीएफफॉन्ट्सने सगळे फॉन्ट आत बसले आहेत का ते पाहिले, पीडीएफइमेजेसने प्रत्येक चित्राचे प्रत्यक्ष डीपीआय, पीडीएफइन्फोने चौकटींची मापे. ही तिन्ही साधने पॉप्लरच्या संचात एकत्र मिळतात. श्रावणातल्या विजेने या काळात तीनदा दगा दिला. लॅपटॉपची बॅटरी तरली, इन्व्हर्टर नाही.

एक संध्याकाळ मी निव्वळ वाया घालवली. पीडीएफजॅमने पाने फर्म्याच्या क्रमाने मांडली, पहिले सोळाव्यासमोर वगैरे, आणि मोठ्या अभिमानाने छापखान्यात दाखवली. मालक हसले. "बाब, ते आमचे सॉफ्टवेअर करते. तुम्ही सरळ एकापुढे एक द्या." प्लेट काढणाऱ्या यंत्राला कागदाचा आकार, पकड, छाटणी सगळे माहीत असते, घरून मांडून नेलेला क्रम त्यांना आधी मोडावा लागतो. पहिल्याच दिवशी एक प्रश्न विचारला असता तर हे टळले असते.

अदृश्य अक्षराची गोष्ट

आता या प्रकरणाच्या खऱ्या गाभ्याशी येतो.

व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेल्या मजकुरात न दिसणारी चिन्हे पुष्कळ असतात. त्यांनी ओळी भलत्या ठिकाणी तुटत होत्या. मी सेड या मजकूर बदलणाऱ्या आज्ञेच्या एका ओळीने सगळ्या फाइलींतली सगळी शून्य-रुंदीची चिन्हे पुसून टाकली. जागच्या जागी, मूळ प्रत न ठेवता. सर्व्हरवर मी असे कधी करत नाही. घरच्या कामात माणूस सैल होतो.

पाच दिवस उरले असताना घरच्या लेझर प्रिंटरवर काढलेल्या प्रतीवर बाईंनी तांबड्या शाईने एक वर्तुळ काढून पाठवले. कार्यक्रमाच्या वृत्तांतात महाप्रसाद रांधणाऱ्या आचाऱ्यांचा सत्कार झाला होता. छापून आले होते 'आचार्यांचा सत्कार'. शाळेत हीच जोडी त्यांनी आम्हाला फळ्यावर लिहून शिकवली होती.

कारण शोधायला वेळ लागला नाही. आचाऱ्यातला तो आडवा, मिशीसारखा र युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहितात. एक, खाली टिंब असलेला ऱ घेऊन त्याचा पाय मोडायचा. दोन, साधा र, हलन्त, आणि पुढे एक अदृश्य जोडचिन्ह. माझ्या सफाईने ते जोडचिन्हही गेले, आणि जिथे दुसरी पद्धत होती तिथला प्रत्येक मिशीवाला र उडी मारून रफार झाला. श्रीलिपीतून बदललेल्या नऊ लेखांत सगळीकडे दुसरी पद्धत होती. इतर लेख बहुतेक पहिल्या पद्धतीचे, म्हणून ते बचावले आणि म्हणूनच इतके दिवस लक्षातही आले नाही. फोनवर आपण 'दुसर्या', 'बर्याच' इतके वाचतो की ते डोळ्याला खुपेनासे झाले आहे. पण एका लेखात 'डोंगरदऱ्यां'ची 'डोंगरदर्यां' झाली होती, आणि गोव्यात दर्या म्हटल्यावर कोणाला दऱ्या आठवतील?

इथे निर्णय घ्यावा लागला. एक मार्ग: नऊही लेख श्रीलिपीतून पुन्हा बदलायचे. शास्त्रशुद्ध. पण मधल्या चार दिवसांत बाईंनी त्याच फाइलींत दोनशेच्या वर दुरुस्त्या केल्या होत्या, त्या सगळ्या गेल्या असत्या. दुसरा मार्ग: आहे त्या मजकुरातले संशयित शब्द वेचून दुरुस्त करायचे. आम्ही दुसरा घेतला.

पीडीएफमधून मजकूर काढून त्यात शोधून पाहिले, पण देवनागरीत तो मार्ग भरवशाचा नाही. वेलांट्या इकडच्या तिकडे होऊन येतात. म्हणून मूळ मजकूर-फाइलींतच ग्रेप या शोधणाऱ्या आज्ञेने 'र्य' असलेला प्रत्येक शब्द काढला, सॉर्ट आणि युनिक या आज्ञांनी पुनरुक्ती गाळली. दोनशे साठ शब्दांची यादी झाली. छापून बाईंना दिली. त्यांनी वाचनालयाच्या पडवीत बसून अर्ध्या तासात खुणा केल्या: सूर्य, कार्य, धैर्य, आचार्य असे एक्केचाळीस शब्द जागेवर ठेवायचे, उरलेल्यांचा र बदलायचा. 'आचार्य' आणि 'आचारी' यांची रूपे प्रत्येक ठिकाणी वाचून ठरवली, कारण तिथे यंत्राला काय कळणार? सूर्य-कार्यवाली यादी स्क्रिप्टला दिली, चार मिनिटांत पुस्तक दुरुस्त.

कमांड लाइनचा जो गुण मी समितीला सांगितला होता, एकदा सांगा आणि सगळीकडे होईल, तोच तिचा अवगुणही. हाताने लावणाऱ्याने एवढ्या सगळ्या पानांवर हीच चूक केली नसती.

निकाल

फाइल ठरल्या दिवशी गेली. छापखान्याने ती पहिल्याच खेपेला घेतली. आतल्या सात फर्म्यांना प्रत्येक बाजूस एकच प्लेट निघाली. फोटो स्वच्छ आले. पावसाळ्याच्या दमट हवेत मॅपलिथो थोडा वाकला, पण त्याला फाइल काय करणार. शुक्रवारी संध्याकाळी गठ्ठे गावात पोचले, रविवारी देवळाच्या सभामंडपात प्रकाशन झाले.

मुद्रण गोव्यात आले 1556 साली, जुन्या गोव्यात. त्यानंतर 1616 मध्ये राशोलला मराठी काव्य छापले गेले ते रोमन लिपीत, कारण देवनागरीचे खिळेच नव्हते. प्रकाशनाच्या भाषणात पाहुण्यांनी हे सांगितले तेव्हा मी आणि बाईंनी एकमेकांकडे पाहिले. खिळे नसण्याची अडचण आम्हाला नव्हती; आमचा एक खिळा मीच पुसला होता.

आता केले तर

मजकूर हातात आल्या क्षणी गिटमध्ये, म्हणजे प्रत्येक बदलाआधीची प्रत राखणाऱ्या साधनात, ठेवीन. नुसती मूळ प्रत असती तर दोन्ही मार्ग एकत्र करता आले असते: पुन्हा रूपांतर, आणि बाईंच्या दुरुस्त्या फरकावरून परत लावणे. सफाईची ओळ चालवण्याआधी र, हलन्त आणि जोडचिन्ह या तिकडीचे ऱ आणि हलन्त करून घेईन, मगच पुसापुशी.

छापखान्याला पहिल्या दिवशी चार प्रश्न विचारीन: ब्लीड किती, रंग-प्रोफाइल कोणते, क्रम तुम्ही मांडता की आम्ही, आणि श्रीलिपीचा मजकूर तुमच्याकडे बदलून मिळेल का. चौथ्याचे उत्तर होकारार्थी होते, हे मला प्रकाशनानंतर कळले. नऊ लेखांपुरते पैसे मोजले असते तर हा लेख बराच आखूड झाला असता.

सुंदरतेच्या बाबतीत समितीतले काही जण अजून नाराज आहेत. त्यांना लेखाभोवती नक्षी हवी होती. त्यांचे अगदीच चूक नाही. स्क्रिप्टने काढलेले पुस्तक नीटनेटके असते, देखणे क्वचितच.

चवथ झाल्यावर नेवऱ्या घेऊन बाईंकडे गेलो. त्यांची स्वतःची प्रत टेबलावर होती. नाट्यमंडळाच्या आठवणींचा लेख उघडून त्यांनी माझ्यापुढे सरकवली. बाहेरगावची मंडळी नाटकाला आली की त्यांचे बिऱ्हाड देवळाच्या अग्रशाळेत पडत असे, असा त्यात तीनदा उल्लेख आहे. तिन्ही ठिकाणी छापले होते 'बिर्हाड', आणि तिन्ही ठिकाणी बाईंनी पेन्सिलीने बारीकशी मिशी काढली होती.

"र्य शोधलेस," त्या म्हणाल्या, "र्ह शोधलेस का रे?"